ओहाना विंगची लिफ्ट

(वाघोलीतली अलोहा सोसायटी. ओहाना विंग, नववा मजला, सत्यशीला यांची बैठकीची खोली. संध्याकाळचे पाच वाजून गेलेत.)

हिंमतराव: मॅडम, असं कसं चालेल? क्लबहाऊसच्या दारावर 'अळूची पानं' अशी पाटी लावायची?

सत्यशीला: अहो, आपण अर्थ विचारलात, मी सांगितला. लुआऊ म्हणजे अळूची कोवळी पानं. तिकडे हवाईत ती नारळाच्या दुधात शिजवून मेजवानीला वाढतात, म्हणून पुढे मेजवानीलाच लुआऊ म्हणायला लागले. आपल्याकडे लग्नाला अळूचं फदफदं करतात, पण लग्नालाच कुणी फदफदं म्हणत नाही. एवढाच फरक.

हिंमतराव: बिल्डरनं तर 'राजेशाही सोहळा' असं सांगितलं होतं.

सत्यशीला: बिल्डरनं स्विमिंग पूलसुद्धा सांगितला होता.

हिंमतराव: तो विषय न्यायप्रविष्ट आहे. हे बघा, शनिवारी सोसायटीला दहा वर्षं होताहेत. प्रत्येक हवाईयन नावाखाली मराठीत अर्थ लावायचा, असा रीतसर ठराव झालाय. पेंटर उद्या सकाळी येतोय. आणि चाळीस वर्षं कोशाच्या कचेरीत परक्या शब्दांच्या नोंदी केलेली व्यक्ती आपल्याच सोसायटीत राहते, हे चेअरमन म्हणून मी आमचं भाग्य समजतो.

सत्यशीला: भाग्य नवव्या मजल्यावर राहतं हे कळायला दहा वर्षं लागली. असू द्या. वाचा पुढे.

हिंमतराव: ए विंग. लानाई.

सत्यशीला: व्हरांडा.

हिंमतराव: नुसता?

सत्यशीला: नुसता. वर छप्पर, बाजू उघड्या, वाऱ्याला बसायची जागा. आपल्या लानाईत सगळ्यांनी काचा लावून गॅलऱ्या आत घेतल्यात. व्हरांडा नसलेला व्हरांडा पुण्यात दुसरीकडे बघायला मिळणार नाही. तसं लिहा हवं तर.

हिंमतराव: त्यांना नोटिसा काढल्यात. पुढे म्युझिक रूम. युकुलेले.

सत्यशीला: उडी मारणारी पिसू.

हिंमतराव: मॅडम!

सत्यशीला: उकू म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणं. पोर्तुगीज लोक जहाजातून एक छोटीशी गिटार घेऊन तिकडे उतरले. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर अशी काही नाचायची, की बघणाऱ्यांना पिसवा आठवल्या. म्हणजे एक कथा अशी आहे. आणखीही आहेत, पण मला ही आवडते. त्याच पोर्तुगिजांनी आपल्याला चावी, पगार आणि बटाटा दिला. आपण स्वस्तात सुटलो म्हणायचं.

हिंमतराव: मी 'तंतुवाद्य' एवढंच लिहून घेतो.

सत्यशीला: घ्या. तिथे तुम्ही जुन्या खुर्च्या ठेवल्यात, त्यांनाही वेत असेलच की विणलेला. म्हणजे तंतू आले.

हिंमतराव: आपण प्रत्येक वाक्याला टोमणा मारलाच पाहिजे का?

सत्यशीला: नाही. मधूनमधून अर्थही सांगतेय. पुढे?

हिंमतराव: बागेतला तो मोठा काळा खडक. पाहो... पाहोए...

सत्यशीला: पाहोएहोए. गुळगुळीत वाहत येऊन थिजलेला लाव्हा. जगभरातले भूगर्भशास्त्रवाले हाच शब्द वापरतात, आपल्या दख्खनच्या खडकालासुद्धा. तेवढा एक शब्द बिल्डरनं योग्य जागी लावलाय. चुकून लागला असणार.

कांताबाई: ताई, चहा ठेवू का इथंच? आन् त्या खडकाला काय म्हनायचं म्हनला?

सत्यशीला: पाहोएहोए.

कांताबाई: अगं बया. हितं खाण व्हती तवा माझा सासरा फोडायचा त्यो. काळा दगड म्हनायचा.

सत्यशीला: हवाईयन येत नसेल त्यांना. बसा जरा, कांताबाई. हिंमतराव, ओळख आहे ना? या कांताबाई.

हिंमतराव: हो हो, बघितलंय. पार्किंगमध्ये वगैरे.

सत्यशीला: आठ वर्षं येतात माझ्याकडे. मागच्या वर्षी माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हे घर त्यांच्या दोन गुडघ्यांवर चाललंय. आणि ते गुडघे तीन आठवडे रोज नऊ मजले चढताहेत. आता त्यांनी सांगितलंय, एक तारखेपासून येत नाही.

कांताबाई: मी हौसेनं सांगितलं व्हय, ताई? गुडघा ऐकत न्हाई. काल सातव्यावर बसले ती उठवंना.

हिंमतराव: सर्व्हिस लिफ्टचा पार्ट चेन्नईहून येतोय.

सत्यशीला: चालत?

हिंमतराव: फॉलोअप चालू आहे. आपण ॲपवर तक्रार टाकायला हवी होती.

सत्यशीला: टाकली. आपल्या त्या 'विकी' ॲपवरच टाकली. विकी म्हणजे भरभर, तेही लिहून घ्या. तिकडच्या विमानतळावर विकी विकी नावाची बस होती. एका संगणकवाल्यानं ती पाटी वाचली, त्याला शब्द आवडला, आणि तिथून तो विकिपीडियाच्या नावात शिरून जगभर गेला. आपल्याकडे मात्र पार्किंगपर्यंतही पोचला नाही.

हिंमतराव: मॅडम, दुसरी बाई मिळेल हो. तेवढ्यासाठी इतकं...

सत्यशीला: ॲपवर?

हिंमतराव: ॲपवर मिळतात आता.

सत्यशीला: कांताबाई, ऐकलंत? तुम्ही ॲपवर मिळता. आठ वर्षं मी उगाच तुमची वाट बघत दारात उभी राहत होते.

कांताबाई: मला काय मोबाइलातलं कळत न्हाई, ताई. सायेब, मी म्हनते, ती दुसरी लिफ्ट चालू हाय की. आरशाची.

हिंमतराव: त्यात स्टाफला परवानगी नाही. तो ठराव आहे. मी एकटा काही करू शकत नाही.

सत्यशीला: त्या लिफ्टमध्ये आरसा आहे. पंखा आहे, गाणंही लागतं. दुपारी रिकामीच वर-खाली करते, व्यायाम म्हणून.

हिंमतराव: आपण यादी संपवू या का? ओहाना. आपली विंग.

सत्यशीला: कुटुंब. अळूच्या कांद्याला बाजूनं कोंब फुटतात, त्यांना तिकडे ओहा म्हणतात. त्यावरून ओहाना. एकाच कांद्याची सगळी.

हिंमतराव: वा! हे सुंदर आहे. हे मी मोठ्या अक्षरात घालतो.

सत्यशीला: घाला ना. तिकडे त्यात मावशा येतात, दत्तक घेतलेली पोरं येतात, घरात राबणारी, जेवणारी सगळी येतात. आपल्याकडे ज्याच्या नावावर पार्किंग आहे तो येतो.

हिंमतराव: पार्किंगवरून आठवलं. माझ्या जागेवर बिल्डरनं 'बिग कहूना' असं लिहिलंय.

सत्यशीला: कहूना म्हणजे पुजारी. किंवा आपल्या विद्येत पारंगत असलेला माणूस. होडी बांधणारा, औषध देणारा. ते 'बिग' लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी मागून चिकटवलं.

हिंमतराव: म्हणजे 'जाणकार' लिहायला हरकत नाही.

सत्यशीला: अजिबात नाही. शनिवारी लोकांना हसायलाही काहीतरी पाहिजे.

हिंमतराव: मॅडम, मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलीत. मला हे सगळं कळतं बरं का. फक्त मी उलट बोलत नाही.

सत्यशीला: खातं चांगलं होतं. चहा घ्या, गार होतोय. झाली का यादी?

हिंमतराव: एक राहिलाय. तो जरा नाजूक आहे. कपू.

सत्यशीला: हा कुठे आहे आपल्या सोसायटीत? बिल्डरच्या नावांत नव्हता.

हिंमतराव: नवीन आहे. त्याचं असं झालं, लिफ्टवर आपली जी सूचना आहे ना, 'घरकाम कर्मचाऱ्यांनी या लिफ्टचा वापर करू नये', तिचा कुणीतरी फोटो काढून फेसबुकवर टाकला. लोक वाट्टेल ते बोलले. मग कमिटीत ठरलं की वाचायला बरं वाटेल असं काहीतरी करावं. सेक्रेटरींच्या मुलीनं हा शब्द शोधून काढला. 'कपू लिफ्ट'. म्हणजे पवित्र, राखीव. थीममध्येही बसतो. आपण फक्त खाली एक सौम्य ओळ द्यायची, आणि कोपऱ्यात आपलं नाव. आपलं नाव असलं की कुणी काही बोलणार नाही.

सत्यशीला: म्हणजे नियम तोच.

हिंमतराव: नियम तोच. शब्द सौम्य.

सत्यशीला: आणि त्या सौम्य शब्दाखाली मी सही करायची. कांताबाईंना बंद असलेल्या लिफ्टवर.

हिंमतराव: कुणा एकाला नाही हो बंद.

सत्यशीला: सेक्रेटरींच्या मुलीनं पहिली ओळ बरोबर वाचलीय. कपूचा एक अर्थ पवित्र आहे. दुसरी ओळ वाचायचा तिला कंटाळा आला असणार. दुसऱ्या ओळीत मनाई आहे. टॅबू शब्द माहीत आहे ना आपल्याला? तो टोंगा बेटांवरून कॅप्टन कुकनं इंग्रजीत नेला. हवाईत त्याच शब्दाला कपू म्हणतात. तुम्ही लिफ्टवर टॅबू लिहिणार आहात, फक्त हार-फुलं घालून.

हिंमतराव: एवढं कुणाला कळणार आहे?

सत्यशीला: कळू नये म्हणूनच निवडलाय, हो ना? कोशात आम्ही अर्धी नोंद छापत नव्हतो, हिंमतराव. अर्थ, मूळ, कधीपासून आणि कधीपर्यंत. मी पूर्ण नोंद सांगते, पेंटरला द्या. घ्या लिहून. कपू. कोणी कुठे बसावं, कोणी काय खावं, कोणी कोणाबरोबर जेवू नये, याचे नियम. बाईनं पुरुषाच्या पंगतीला बसायचं नाही. केळं खायचं नाही, नारळ खायचा नाही. सरदाराच्या अंगावर साध्या माणसाची सावली पडली तर त्याचा जीव घ्यायचे.

कांताबाई: सावलीपायी?

सत्यशीला: सावलीपायी. आमच्या आजोबांना हा शब्द माहीत नव्हता. नियम मात्र पाठ होते सगळे. अमरावती जिल्ह्यात बसून, हवाई न बघता.

हिंमतराव: हे बघा मॅडम, आपण लगेच त्या विषयावर जाऊ नका. इथे जातीबितीचा काही संबंध नाही.

सत्यशीला: छे छे. इथे लिफ्टचा संबंध आहे. लिफ्ट नवी आहे.

हिंमतराव: स्वच्छतेचा प्रश्न आहे हो! कचऱ्याच्या बादल्या असतात, ओल्या पिशव्या असतात. घरोघरी वयस्कर माणसं आहेत. माझीच आई आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सहाव्या मजल्यावर. तिनं त्या गर्दीत उभं राहायचं का? खरं सांगू? मी हा नियम मांडला तो तिलाच डोळ्यांसमोर ठेवून.

कांताबाई: आजींना?

हिंमतराव: हो. का?

कांताबाई: काय न्हाई. कप घेऊ का?

सत्यशीला: मग माझी नोंद पूर्ण करते. कधीपर्यंत, ते राहिलं. अठराशे एकोणीस. राजा वारला, त्याचा तरुण मुलगा गादीवर आला. मोठी मेजवानी होती, पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी. हा उठला, बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि सगळ्यांसमोर जेवला. तिथे त्याची आईही होती. लोक श्वास रोखून बघत राहिले, आता काय कोसळतंय म्हणून. काही कोसळलं नाही. जेवण झालं आणि कपू गेलं. एका जेवणात.

हिंमतराव: हे एवढं सगळं पाटीवर मावणार नाही.

सत्यशीला: पाटी मोठी करा. लिफ्टचं दार चांगलं सात फुटी आहे.

हिंमतराव: मॅडम, स्पष्टच बोलतो. आपण ओळ दिली नाहीत तर मी 'राखीव' लिहून घेईन. शनिवारी ती पाटी लागणार.

सत्यशीला: लावा. पण बाकीच्या पाट्यांवरूनही माझं नाव काढा. व्हरांडा, पिसू, अळू, सगळ्यांवरून. आणि एक तारखेनंतर मी भिंत धरून ओट्यापर्यंत कशी जाते, ते बघायला या एकदा. चहा मिळणार नाही, आधीच सांगते.

कांताबाई: ताई, भांडू नका माझ्यापायी. लिवू द्या काय लिवायचं ते. आमाला कुठं वाचता येतंय? वाचमन तोंडानंच सांगतो. आजींना बी तोंडानंच सांगितलं त्यानं.

हिंमतराव: कोणत्या आजींना?

कांताबाई: जाऊ द्या. कुनाला सांगनार न्हाई म्हनून शबूद दिलाय मी.

सत्यशीला: कांताबाई, आता अर्धं ठेवू नका.

कांताबाई: सायबांच्या आईला, ताई. यमुनाआजींना.

हिंमतराव: काय सांगितलं? कोणी?

कांताबाई: दिवाळीनंतर त्यो नवा वाचमन आला बघा, हिंदीवाला. आजी कोपऱ्यावरनं भाजी घिऊन आल्या. नऊवारी लुगडं, डोईवर पदर, हातात पिशवी. आरशाच्या लिफ्टीपाशी हुब्या ऱ्हायल्या. त्यो म्हनला, मौसी, सर्व्हिस लिफ्ट उधर. आजींनी पिशवी सावरली. गेल्या तिकडं. तवापासनं तीच लिफ्ट. आन् ती बंद पडली तवापासनं जिना.

हिंमतराव: शक्य नाही. ती माझ्याबरोबर येते-जाते. काल आम्ही दवाखान्यात गेलो होतो, लिफ्टनंच गेलो.

कांताबाई: तुमच्यासंगं असल्या की आरशाच्या लिफ्टीनं. येकट्या असल्या की जिना.

हिंमतराव: अहो, पण ती रोज संध्याकाळी बागेत जाते. दोन-दोन तास बसते.

कांताबाई: बागेत अर्धा तास. बाकी जिन्यात. सहा मजले हायत, सायेब. धा पायऱ्या चढायच्या, बसायचं. परत धा.

हिंमतराव: मला का नाही सांगितलं तिनं? मी एका मिनिटात त्या वॉचमनला...

कांताबाई: म्हनूनच. मी म्हनलं, आजी, लेकाला सांगा की. तर म्हनल्या, नको बाई, त्या पोराची नोकरी जाईल. आन् त्यानं काय चूक केली? त्यानं मला बघून बराबर वळखलं.

हिंमतराव: काय ओळखलं?

कांताबाई: ते त्या बोलल्या न्हाईत. म्हनल्या, हिंमतनं नेम केलाय तर इचार करूनच केला असंल. मी कशाला मोडू?

हिंमतराव: मॅडम, आपण काहीतरी बोला.

सत्यशीला: मला आत्ता टोमणा सुचत नाहीये, हिंमतराव. वाईट वाटतंय मला. तुमच्यासाठीसुद्धा.

हिंमतराव: तीन आठवडे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई.

कांताबाई: तरी आता हाय थोडं बरं. मी कामं उरकून उतरते तवा त्या चढत असत्यात. तिसऱ्यावर गाठ पडती. माझ्या डब्यात चतकोर भाकरी असती, त्यांच्या पिशवीत शेंगा असत्यात. तितंच पायरीवर बसून खातो दोघी. लई गोष्टी सांगत्यात. तुमी ल्हान असताना शाळंत कसं जायचा ते बी सांगितलं.

हिंमतराव: आज... आज पण गेली आहे का ती खाली?

कांताबाई: साडेपाच झालं न्हवं? तिसऱ्यावर बसल्या असतील, माझी वाट बघत. मला आज उशीर झाला ह्या शब्दांपायी. निघते, ताई. भाजी झाकून ठेवलीय.

सत्यशीला: या. गुडघा सांभाळून उतरा. हिंमतराव, ही आपली यादी. शेवटच्या पाटीचं पेंटरला काय सांगायचं, ते ठरवा आणि कळवा मला. लिफ्ट वरच उभी आहे, एका मिनिटात पोचाल तिच्यापाशी.

हिंमतराव: नको. मी कांताबाईंबरोबर येतो. कांताबाई, थांबा जरा. आपल्या विंगचा जिना... कुठल्या बाजूला आहे हो?